शेवडेंच्या सर्व्हरची पूजा

यज्ञेश्वर शेवडे आमच्या कॉलेजचे सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. भोसले घाटामागच्या गल्लीत त्यांचं घर. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिल्यामुळे घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि संगणकाशी दोन्हींतली शिवीगाळ. मी नागपूरहून इथे नेटवर्कच्या नोकरीला आले तेव्हा पहिल्याच दिवशी ते म्हणाले, ‘‘बकुळ, डिग्री आणलीस ना? आता ती खिडकीला लाव. ऊन फार येतं.’’

जगातल्या प्रत्येक यंत्राबद्दल त्यांचं मत तयार असे. वायफाय म्हणजे गर्दीत प्रसाद उधळणं, ज्याचा हात लांब त्याला मिळणार. अँटिव्हायरस म्हणजे चोराला घाबरून घरात बसवलेला पहिलवान. चोर येईल तेव्हा येईल, हा रोज सगळं दूध पिणार. क्लाउडचं नाव काढलं की ते पान थुंकायला बाहेर जात आणि परत येऊन म्हणत, ‘‘आपलं गंगाजल दुसऱ्याच्या लोट्यात ठेवायचं आणि प्यायच्या वेळी त्याची बिनती करायची. कशाला?’’

गंमत म्हणजे हे सगळं बोलणाऱ्या माणसाची एका लोखंडी खोक्यावर अंधश्रद्धा होती. ते खोकं म्हणजे कॉलेजचा सर्व्हर. प्रवेश, निकाल, पगार, सगळं त्यात. त्याची खोली थंडगार, आणि चप्पल बाहेर. शेवडेंच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजायची चाल. पण त्या दिवशी कॉलेज बंद, म्हणून त्यांनी ती पूजा बनारसच्या कारखान्यांत यंत्रं पुजतात त्या विश्वकर्मा पूजेच्या दिवसावर सरकवली होती. त्या दिवशी सर्व्हर बंद करून त्याला हळदकुंकू, झेंडू, आघाड्याची पानं. दुसऱ्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पुजलेल्या यंत्राला विश्रांती. त्या एका दिवशी आमचं कॉलेज हाताने चाले.

यंदा डायरेक्टर दिनानाथजींनी नेमका तोच दिवस निवडला. सगळा कारभार लखनौच्या एका कंपनीच्या क्लाउडवर न्यायचा, शेवडेंची खोली पाहुण्यांची बैठक करायची आणि शेवडेंना लायब्ररीत पाठवायचं, असा बेत होता. संचालक मंडळ कंपनीचं काम डोळ्यांनी पाहून त्याच दिवशी ठरवणार होतं.

‘‘काका, यंदा पूजा उद्यावर ढकला,’’ मी म्हटलं.

‘‘वीस साल झाले, चुकली नाही. आणि त्यांचा खेळ इंटरनेटवर ना? पाहू.’’

शेवडेंनी सर्व्हर बंद केला, फुलं वाहिली, उदबत्ती लावली. दुपारी वरच्या मजल्यावर कंपनीच्या टायवाल्या तरुणाने पडद्यावर पहिलं चित्र आणलं आणि इंटरनेट गेलं. मी गच्चीवर धावले. दोन माकडं केबलला लोंबकळून भांडत होती आणि केबल मधोमध तुटली होती. मी मेकॅनिकला फोन लावला.

मंडळाचे अध्यक्ष दहा मिनिटांत कंटाळले. ‘‘ई का तमाशा है, दिनानाथ? पुराना वाला चलता है कि नहीं? वही दिखाओ.’’

मी जिने उतरून खोलीत आले. ‘‘काका, सुरू करा! आत्ता त्यांना आपला सर्व्हर दिसला तर खोली वाचली.’’

शेवडेंनी झेंडूच्या माळेकडे पाहिलं. हात पुढे गेला, परत आला. मग त्यांनी घरी फोन लावला. शरदिनीकाकूंचा आवाज मलाही ऐकू आला.

‘‘अहो, मंदिरात देवाला रोज पहाटे उठवतात. तुमच्या डब्याचं काय एवढं कौतुक? उठवा!’’

शेवडेंनी हात जोडले, माळ बाजूला केली आणि बटण दाबलं. पंखे गरगरले. मंडळ जिना उतरून दारात आलं. अध्यक्षांनी चपलाही काढल्या.

पडद्यावर एक ओळ आली: डिस्कची तपासणी चालू आहे. खाली आकडा, एक टक्का.

बराच वेळ गेला. दोन टक्के.

‘‘केतना समय लगेगा?’’ अध्यक्षांनी विचारलं.

‘‘बस, तुरंत,’’ शेवडे म्हणाले आणि आकड्याजवळ वाकले. मला तेव्हा उलगडलं. वर्षभर न थांबलेलं ते यंत्र एकदा बंद केलं की सुरू होताना सगळी डिस्क तपासतं. दरवर्षी पूजेच्या दुसऱ्या सकाळी शेवडे बटण दाबून कचोरी-जिलबी खायला जात. तिथे चार ओळखीचे भेटत, क्लाउडवर बोलणं होई, पान लागे. परत यायला दुपार होई, तोवर सर्व्हर तयार. त्यामुळे त्यांच्या लेखी तो लगेच सुरू होत असे.

चार टक्क्यांवर मेकॅनिकने केबल जोडली. वरून टायवाला ओरडला, ‘‘आ गया, सर!’’ मंडळ चपला घालून वर गेलं. नंतर टाळ्या ऐकू आल्या.

दिनानाथजी खाली आले तेव्हा हसत होते. ‘‘शेवडेजी, तय हो गया. लायब्ररी में शांति है. आपको अच्छा लगेगा.’’

‘‘वहाँ सिर्फ किताबें हैं? मशीन एक भी नहीं?’’

‘‘और क्या होगा?’’

‘‘ठीक,’’ शेवडे म्हणाले.

त्यांनी यंत्र बंद केलं नाही. ‘‘पूजा तर मोडली. आता निदान काम तरी पुरं होऊ दे,’’ म्हणत खुर्ची ओढून बसले. मीही बसले. संध्याकाळी शंभर टक्के झाले. एकही चूक निघाली नाही. कॉलेजचे सगळे निकाल, सगळे पगार जागच्या जागी. शेवडेंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दाखवायला तिसरं कुणी नव्हतं.

तेवढ्यात शिपाई वेणीमाधव मोजायची टेप घेऊन आला. पाहुण्यांच्या सोफ्यासाठी खोलीचं माप घ्यायचं होतं. एकट्याला जमेना. टेप सारखी सुटून परत गुंडाळली जात होती.

शेवडे उठले आणि त्यांनी टेपचं दुसरं टोक धरलं.

‘‘दरवाजा भी नाप लो,’’ ते म्हणाले. ‘‘इन लोगों ने वह नहीं सोचा होगा.’’