आहेराचा खर्च वगळून

एक कंपनी दुसरीला विकत घेते तेव्हा पेपरात दोन्ही मालकांचा हात मिळवतानाचा फोटो येतो. फोटो शिळा झाला की आमच्यासारख्यांना बोलावतात. मोजलेली किंमत नेमकी कशाकशाची होती, हे ती मोजून झाल्यावर ठरवायचं असतं. इतकी इमारतीची, इतकी यंत्रांची, इतकी कपाशीच्या मूळ वाणांची, इतकी ब्रँडची, इतकी डीलरांशी जुळलेल्या संबंधांची. एवढं वाटून जे उरतं, जे कशाचं आहे हे कुणालाच सांगता येत नाही, त्याला गुडविल म्हणतात आणि ताळेबंदात मानाने बसवतात.

मी हे आईला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आधी घेतलं आणि मंग विचारलं, काय घेतलं?"

मी हो म्हटलं. तिने भाजी परतली.

आमच्या जालन्यातली एक बियाण्यांची कंपनी हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीने घेतली, आणि वाटणीचं काम पुण्यातल्या आमच्या फर्मकडे आलं. मी जालन्याची म्हणून मला टीममध्ये घेतलं. पहिल्याच मीटिंगमध्ये बॉसने माझी ओळख 'आमचा लोकल इनपुट' अशी करून दिली. लोकल इनपुटची शाळा इंग्रजी माध्यमाची होती. तिथे मराठी बोललं की दंड असायचा. त्यामुळे मी दोन्ही भाषांत गप्प बसायला शिकले. गप्प मुलीचा एक फायदा असतो. ती ऐकते आहे हे लोक विसरतात.

पहिल्या दिवशी जेवताना हैदराबादचे फायनान्सप्रमुख सहज बोलून गेले, की विक्रीची खुर्ची आता एकच राहणार आणि तिच्यासाठी माणसं दोन आहेत. एक त्यांचा हैदराबादचा, दुसरा इथला जुना विक्रीप्रमुख. हे त्या विक्रीप्रमुखांनाही माहीत होतं. खुर्ची कुणाला द्यायची ते आमच्या रिपोर्टवरून ठरणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती. म्हणून ते आमच्यासमोर रोज कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, अत्तर आणि पुखराजाची अंगठी अशा तयारीने येत.

"कुठल्या तुम्ही, ताई?" त्यांनी मला विचारलं.

"जालन्याचीच."

"जालन्यात कुठं?"

या प्रश्नाच्या पोटात कुठला प्रश्न असतो, ते इथे वाढलेल्या प्रत्येकाला कळतं. मी शाळेचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नाही.

डीलर किती वर्षं टिकतील याचा अंदाज बांधायला आम्ही विक्रीप्रमुखांची मुलाखत घेतली. खर्चात 'आहेर व मयत' अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढचा आकडा चांगला गुबगुबीत होता. बॉसने विचारलं, हे काय आहे. विक्रीप्रमुख खुलले. शहागडच्या डीलरच्या पोरीच्या लग्नाला दोन दिवस आधीच गेल्तो, म्हणाले, पंगतीत जिलबी वाढली, नवरदेवाच्या मामाचा रुसवा काढला. टेंभुर्णीच्या डीलरचे वडील गेले तेव्हा खांदा दिला. हंगामाच्या आधी हेच डीलर बुकिंगचा ॲडव्हान्स आणून टाकतात, भाव न विचारता.

"म्हणजे हा मालकाचा पर्सनल खर्च?" बॉस म्हणाला.

विक्रीप्रमुखांनी फायनान्सप्रमुखांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा कोरा होता. आपण उधळ्या ठरण्यापेक्षा जुने मालक शेटजी शौकीन ठरलेले बरे, असा हिशेब त्यांनी तिथल्या तिथे केला असावा. "हां, म्हणजे... शेटजींचा शौक तो. बंद करून टाकू, साहेब. बिलकुल."

"आणि उद्या तुम्ही नसलात तर डीलर जातील?"

ते अर्धे उठलेच खुर्चीतून. "न्हाई न्हाई. डीलर कंपनीचे, साहेब. मी कोण? माणूस येतो, जातो. डीलर माल बघतो."

सगळे खूश झाले. बॉसने भराभर टाइप केलं. आपण फार हुशारीने बोललो, अशा नजरेने विक्रीप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "काका, तसं कशाला म्हणालात?"

"मंग काय म्हणू? नव्या मालकासमोर सांगू, डीलर माझे आहेत म्हणून? म्हणतील, याला लई चढली. ताई, नोकरी करून राह्यलो, राजकारण न्हाई."

गाडीत मी बॉसला म्हटलं की डीलर टिकतात ते त्या आहेराच्या ओळीमुळे. ती ओळ काढायची आणि डीलर मात्र धरायचे, हे जुळत नाही. माझ्या मानाने हे भाषणच होतं.

"गुड पॉइंट," बॉस म्हणाला. "पण लग्नाला जाणं मॉडेलमध्ये कुठे टाकणार? आणि अकाउंटिंग स्टँडर्डप्रमाणे कर्मचारी वेगळी मालमत्ता धरता येत नाहीत. माणसं गुडविलमध्ये जातात."

आहेराचा खर्च 'एकदाच होणारा, धंद्याशी असंबद्ध' म्हणून वगळला गेला. खर्च गेला तसा नफा फुगला. नफा फुगला तशी डीलरसंबंधांची किंमत चढली. त्यांचं आयुष्य बारा वर्षं धरलं. ही किंमत तेवढ्या वर्षांत वाटून खर्ची टाकायची असते; आयुष्य लांब असलं की दरवर्षी नफ्याला बसणारा चिमटा लहान होतो, म्हणून फायनान्सप्रमुखांनाही आकडा गोड लागला. विक्रीप्रमुखांचं आयुष्य मात्र दोन महिने निघालं. डीलर माल बघतो, हे त्यांचंच वाक्य त्यांच्या निरोपाच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं म्हणे.

पुढच्या लग्नसराईत हैदराबादहून डीलरांना ईमेल गेले. नवदांपत्यास शुभेच्छा, सोबत नव्या हंगामाची किंमतसूची.

वर्षाअखेरीस मालमत्तेची किंमत अजून तेवढीच आहे का, हे तपासायला आम्हालाच बोलावलं, वेगळी फी देऊन. मला परतूरला पाठवलं. तिथल्या डीलरने चहा मागवला आणि सरळ सांगितलं, "माल तोच आहे हो. पण बोलावं कुणाशी? फोन केला की एक बाई म्हणते, मराठीसाठी दोन दाबा."

"मग त्या साहेबांच्या नव्या कंपनीत गेलात?" विक्रीप्रमुख एका लहान कंपनीत लागले होते.

"आल्ते ना ते. माझ्या पोराच्या लग्नात वाढपी झाल्ते, विसरलो न्हाई मी. च्या पाजला. पण मार्जिन कमी देतात ते लोक. धंदा आहे, ताई." तो तिसऱ्याच कंपनीकडे गेला होता.

आम्ही डीलरसंबंधांची किंमत निम्म्यावर आणली. कारणाच्या रकान्यात बॉसने 'बाजारातील बदललेली परिस्थिती' असं लिहिलं.

त्यानंतर एका रविवारी मी जालन्याला घरी असताना विक्रीप्रमुख आले. डीलर सोबत न आल्यामुळे लहान कंपनीनेही त्यांना नारळ दिला होता. शर्ट पांढराच होता, बोटात अंगठी नव्हती. बसता बसता त्यांची नजर भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर गेली. 'जालन्यात कुठं' हा तेव्हाचा प्रश्न सुटला असावा. आईने दिलेला चहा त्यांच्या हातात जरा जास्त वेळ राहिला, पण संपला.

"पुण्यात तुमची ओळख असंल," ते कपाकडे बघत म्हणाले. "कुठं लागत असंल तर बघा. जाईल तिथं म्हणतात बायोडाटा पाठवा. मी कधी केलाच न्हाई. मला बोलावूनच घेतल्तं त्या वेळी."

मी लॅपटॉप उघडला. "अनुभवात काय लिहू?"

"लिवा की, लग्नं केली लोकांची."

मी लिहिलं. मराठवाडाभर चॅनल पार्टनर नेटवर्क उभारलं, दीर्घकालीन संबंध जोपासले, तंटे सोडवले, वसुली वेळेत ठेवली. सगळं खरं होतं. फक्त इंग्रजीत लिहिल्यावर त्यातून जिलबी गेली.

प्रिंट काढून दिली. मग शब्द न् शब्द मराठीतही सांगितला. ते ओळींखाली बोट धरून ऐकत राहिले.

"माणूस चांगला दिसतो हा," ते म्हणाले. "मी मालक असतो तर ठेवून घेतला असता." मग त्यांनी ते मागणार होते तो पगार हळू आवाजात सांगितला आणि विचारलं, "पण एवढ्यावर येईल का हा?"