मेपलचा रस चतुर्थीला चालतो का?

दुबईत अल क्वोजच्या गोदामात मुरलीधरनं चौदा वर्षं दुसऱ्यांनी निवडलेला माल उतरवून घेतला. डोळे मिटून खोकं हलवलं तरी आत ट्यूना आहे की मका, ते सांगायचा. २००३ साली मालक रफिकभाईंनी पहिल्यांदाच विचारलं, "इस बार तुम बोलो, क्या मंगाएँ?" मुरलीधरनं अमेरिकेतलं मेपल सिरप मागवलं. लेबलवर गाणारा पक्षी.

"झाडाचा रस आटवून करतात," तो भेटेल त्याला सांगे, "पण जंगल कसं, पक्ष्यांसाठी राखलेलं!"

"काकवीच आहे ही," बायको हेमा म्हणे. "जरा पातळ."

सहा महिने एक खोकं हललं नाही. शेवटी रफिकभाई म्हणाले, "आज सुपरमार्केटवाली मॅडम ने नहीं लिया, तो खलास. वापस ट्यूना गिनो."

मॅडम म्हणजे खरेदी बघणाऱ्या सुचित्राताई. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास शिजून आल्या. मुरलीधरनं गरम पॅनकेक पुढे केला.

"अहो, आज संकष्टी आहे माझी!"

रफिकभाईंनी कपाळाला हात लावला.

"मग नुसतं चमचाभर घ्या, मॅडम," मुरलीधर म्हणाला. "उपासाला चालतं."

"कोण म्हणतं?"

"मी."

"तुम्ही कोण? थांबा." त्यांनी टेबलावरच्या स्पीकर फोनवरून थेट पुण्याला सासूबाईंना गाठलं.

"धान्य आहे का त्यात?" सासूबाई कडाडल्या.

"नाही, आई. झाडाला भोक पाडून रस काढतात."

"झाड मरत असेल मग. उपासाच्या दिवशी? ठेव ते खाली."

मुरलीधर फोनवर ओणवा झाला. "काकू, नाही मरत! बोटाएवढं भोक, तेही भरून येतं. आणि नुसती मेपलच नाही ठेवत हो. मधेमधे दुसऱ्या जातीची झाडं, खाली झुडपं. वाळलेलं खोडसुद्धा पाडत नाहीत!"

"का बरं?"

सहा महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मुरलीधरचा आवाज एकदम खाली आला. "ढोल्या असतात ना त्यात. पक्षी पिल्लं वाढवतात. एक ठिपकेवाला आहे, संध्याकाळी काय शीळ घालतो म्हणे!"

"तुम्ही ऐकलीत?"

"कुठली, काकू. मी इथं गोदामात."

सासूबाईंनी निकाल दिला.

"दुसऱ्याच्या पिल्लांसाठी जागा ठेवतात ना? मग चालतं. सुचित्रा, खा."

सुचित्राताईंनी चमचा चाटूनपुसून खाली ठेवला.

"नऊ वर्षांत आईंच्या तोंडून 'चालतं' पहिल्यांदा ऐकलं," त्या म्हणाल्या. "पन्नास खोकी पाठवा."