थेंबमास्तरांनी घेतलेला नमुना

मंगळवार, १२ मार्च. ऊन कडक. प्रार्थनेला गेले. थेंबमास्तर प्रार्थनागृहाच्या टाकीच्या पाण्याचा नमुना घ्यायला आले होते. ९.५० ला स्पिरिटचा बोळा पेटवून, जंतू मरावेत म्हणून नळाचं तोंड भाजलं, भिंत काळी झाली. मग बाटली भरून बर्फाच्या पेटीत घातली आणि पेटी पायाशी ठेवून प्रार्थनेला बसले. १०.४० ला गेले. भाजीत मीठ जास्त पडलं.

एवढीच नोंद. मी शाळेत असल्यापासून रोज लिहिते. शाळेतल्या सिस्टरने सवय लावली, ती सुटली नाही. ही नोंद मला एका कचेरीत उभं राहून वाचावी लागेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

थेंबमास्तर आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायच्या कामावर सव्वीस वर्षं आहेत. कुणीही पेला पुढे केला की आधी उजेडाकडे धरणार, मग पिणार; त्यावरूनच गल्लीत हे नाव पडलं. त्यांची बायको म्हणते, "लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाही माझ्यापेक्षा पेल्याकडेच जास्त लक्ष होतं." माणूस भाविक आहे. मी एकदा विचारलं, "काय हो मास्तर, सूक्ष्मदर्शकात देव दिसतो का?" तर म्हणाले, "नाही काकू, तिथे जंतू दिसतात. देवाला शोधायला मी तिथे जात नाही." मला ते पटलं. माझंही साधारण तसंच आहे.

त्या नमुन्यात सांडपाण्याचे जंतू निघाले. अहवाल वरच्या कचेरीत चार दिवस पडून राहिला. गल्लीत मुलांना जुलाब सुरू झाले होते. पाचव्या दिवशी मास्तरांनी प्रार्थनागृहाच्या दारावर कागद डकवला: हे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. खाली स्वतःची सही. संध्याकाळपर्यंत प्रार्थनागृहाच्या समितीच्या सचिवांची तक्रार गेली, की नमुना घेतलाच नाही, हा माणूस अफवा पसरवतो. त्या महिन्यात अफवेच्या नावाखाली पोलिसांनी दोघांना उचलल्याचं पेपरात आलं होतं, तेव्हा हा शब्द साधा नव्हता. मास्तरांवर चौकशी लागली. नोकरी जायची वेळ आली, आणि निवृत्तीला चार वर्षं उरलेली.

दोघं नवराबायको वर आली. मी वही उघडून दाखवली. बायकोचा चेहरा खुलला, मास्तरांचा पडला.

"रजिस्टरमध्ये नमुना घेतल्याची वेळ मी साडेदहा लिहिली आहे," ते म्हणाले. "कामाच्या वेळात प्रार्थनेला बसलो, याची लाज वाटली. बर्फात होता, नमुन्याला काही झालं नाही. पण वेळ खोटी आहे."

"मग काकू, वेळ सोडून वाचा," बायको म्हणाली. "तेही काही खोटं नाही."

खरं सांगायचं तर तो विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. मास्तरांनी वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "लिहिलंय तसं वाचा. मी सचिवांना खरं बोला म्हणतोय ना?"

चौकशी अधिकाऱ्यांनी नोंद ऐकली आणि हात पुढे केला. "आजी, वही जमा करा."

"वही मिळणार नाही. हवी तर या नोंदीची नक्कल घ्या, भाजीसकट."

"लपवण्यासारखं काही आहे का त्यात?"

"भरपूर आहे. कोण कुणाकडे आलं, कोण कुणाशी भांडलं. त्या लोकांची चौकशी चालू नाही. आणि तुमच्या घरीही लपवण्यासारखं असेलच की."

कारकुनाला ठसका लागला. अधिकाऱ्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. वही ओढून घेता येईल असं त्यात काही सापडलं नसावं. मी पानाच्या वरखाली कोरे कागद धरले आणि त्यांनी मधल्या नोंदीचा फोटो घेतला.

सचिव म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्यातल्याच. देवाच्या घराविरुद्ध साक्ष देता?"

"देवाविरुद्ध काही नाही. टाकी शेवटची कधी धुतली, तेवढं समितीने सांगावं."

त्यांना तारीख सांगता आली नाही. अधिकाऱ्यांनी रजिस्टर उघडलं, साडेदहावर बोट ठेवलं. मास्तर न विचारताच उभे राहिले. "ती वेळ मी खोटी लिहिली. नमुना खरा आहे."

दुसऱ्या माणसाकडून पुन्हा नमुना घेतला. तेच जंतू निघाले. टाकी बंद झाली. मास्तरांची नोकरी राहिली, पण खोट्या नोंदीबद्दल नमुने घ्यायचं काम काढून त्यांना भांडारात बाटल्या मोजायला बसवलं. सव्वीस वर्षांचं काम चाळीस मिनिटांपायी गेलं, असं त्यांची बायको जिन्यात मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जंतू कुणाची श्रद्धा बघत नाहीत तसं घड्याळही बघत नाही, हे मला कळतं. पण वाचायच्या आधी मी तिच्याशी नीट बोलायला हवं होतं.

मास्तर मात्र निकालाचा कागद दाखवायला वर आले. "नमुने घेणाऱ्यांना बाटल्या तरी स्वच्छ मिळतील आता," म्हणाले आणि कागद घडी करून खिशात घातला.

त्या संध्याकाळी मी लिहिलं: निकाल लागला. मास्तर उद्यापासून भांडारात. मास्तरांची बायको माझ्याशी बोलली नाही. प्यायचं पाणी वीस मिनिटं उकळलं. मोठ्या पातेल्याचा एक कान निखळला.