स्थिर हवा

वर अवकाशात वारा नसतो, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचो. ट्रान्समीटर तापला की त्याची उष्णता धातूतून वाहत बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोचायला हवी आणि तिथून अवकाशात निघून जायला हवी. सांध्यात कुठे फट राहिली तर ट्रान्समीटर जागच्या जागी भाजून निघतो. कोलकात्यातल्या एका लहान कंपनीत छोट्या उपग्रहांचा सांगाडा आणि त्यांचं तापमान सांभाळणाऱ्या चौघांचा मी प्रमुख. एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला, तेवढंच आमचं जग.

त्या चौघांत एक मराठी मुलगी होती. तिच्या घराण्याच्या तीन पिढ्या इकडेच झालेल्या. वडील बराकपूरला शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनीच तिला माझ्यापुढे उभं केलं आणि म्हणाले, "हिला तुमच्या हाताखाली घ्या. चुकली तर बोला." ऑफिसात ती मला सर म्हणायची आणि जवळपास कोणी नसलं की काका. तिचं मराठी गोड होतं, पण लिंगात हमखास चुकायचं. बंगालीत ती भानगडच नाही ना. मी दरवेळी दुरुस्त करायचो आणि ती जीभ चावायची.

जूनमध्ये आम्ही ट्रान्समीटरचा सांधा टेबलावर तपासत होतो. उपग्रहाचा नमुना मांडलेला, तारा लावलेल्या, आणि एसी सकाळपासून बंद पडलेला. घामाने हातातले स्क्रू निसटत होते. मी छताचा पंखा लावला. ती म्हणाली, "सर, पंख्याने तापमानाचे आकडे कमी येतील." मी म्हणालो, "पाच मिनिटं गं, जीव जातोय." पाच मिनिटांची दुपार झाली. आकडे फार सुंदर आले. नोंदीच्या कागदावर हवा कशी होती ते लिहायचा एक रकाना असतो. तिथे तिचं पेन थांबलं.

"काय लिहू?"

"स्थिर लिही. उद्या एसी सुरू झाला की पंखा बंद करून पुन्हा घेऊ."

ती चाचणी पुन्हा झालीच नाही. दुसऱ्या दिवशी सांगाड्याचं काम अंगावर आलं. ते आकडे मी माझ्या गणितात घातले. उत्तर मनासारखं आलं, म्हणून पुन्हा उघडून पाहिलं नाही.

दोन महिन्यांनी दुसऱ्या शहरात, भाड्याने घेतलेल्या निर्वात टाकीत उपग्रह ठेवला. टाकीतली हवा काढल्यावर ट्रान्समीटरचं तापमान चढू लागलं आणि थांबेचना. चाचणी मध्येच सोडून द्यावी लागली. त्याच क्षणी मला कारण कळलं होतं. शोधावं लागलं, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं.

आठवड्याने आमच्या ऑफिसात बैठक झाली. आमचे संचालक शेजारी, ग्राहक कंपनीची माणसं पडद्यावर. त्यांच्यातल्या एकाने इंग्रजीत सरळ विचारलं, "टेबलावरची चाचणी स्थिर हवेत झाली होती ना?"

मी म्हणालो, "कागदावर तशी नोंद आहे. नोंद आमच्या इंजिनिअरने केली होती. मी तिच्याशी बोलून खात्री करतो."

वाक्यं तीन, आणि एकही खोटं नाही. पडद्यावरची माणसं काहीतरी लिहून घेऊ लागली. संचालकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या उजवीकडे बसली होती. त्या खोलीत मराठी समजणारे आम्ही दोघंच. ती अगदी हळू म्हणाली, "काका, पंखा चालू होती ना? तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मी इंग्रजीत उत्तर दिलं, "आपण हे नंतर बोलू."

तिने ज्या भाषेत हाक मारली, त्या भाषेत मी ओ सुद्धा दिली नाही. नंतर बोलणंही झालं नाही. ती माझ्या टेबलाशी आली की मी फोन कानाला लावायचो. संचालकांनी तिला चाचण्यांवरून काढून कागदपत्रांच्या कामाला बसवलं. मी सांध्याखाली उष्णता वाहणारी पट्टी जाड केली, फटीत लेप भरला, आणि पुढच्या खेपेला उपग्रह टाकीतून पार पडला. ऑफिसात मिठाई वाटली. माझं कौतुक झालं. तिने दोन महिन्यांत नोकरी सोडली.

त्यानंतर मंडळाच्या दिवाळी फराळाला तिचे वडील भेटले. गर्दीतून वाट काढत आले आणि माझे दोन्ही हात धरले. "पोरीने तुम्हाला मान खाली घालायला लावली. तुम्ही होतात म्हणून निभावलं," म्हणाले. त्यांच्या पत्नीने माझ्यासाठी करंज्यांचा डबा पाठवला होता.

त्यावर मी म्हणालो, "होतं असं. वय आहे तिचं."

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. डबा घरी आणला, करंज्या खाल्ल्या. डबा घासून परत द्यायला हवा, एवढ्या साध्या गोष्टीने मला पोखरलं.

आधी संचालकांना सांगितलं. ते हसले. "अहो, उपग्रह पास झाला. आता कशाला उकरताय?" मला वाटलं होतं, शिक्षा होईल आणि मोकळा होईन. तीही झाली नाही.

रविवारी सियालदहहून गाडी पकडून बराकपूरला गेलो. तिच्या वडिलांनी दार उघडलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, पंखा, रकाना, बैठक. ते खुर्चीत बसले.

"तिने मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "मीच म्हटलं, आपली चूक मोठ्यांवर ढकलू नये. तुमचं नाव घेतलं म्हणून तिच्याशी धड बोललो नाही इतके दिवस."

ती आतून आली. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागली होती. मी तिची माफी मागितली, मराठीत, तिच्या वडिलांसमोर.

"तुम्हाला आठवत होतं, काका," ती म्हणाली. "मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही वर बघितलंत, पंख्याकडे. मला वाटलं, आता सांगाल."

वडील उठून तिच्यामागे जाऊन उभे राहिले. चहाचं कोणी विचारलं नाही आणि मीही थांबलो नाही.

सोमवारी मी ग्राहक कंपनीला पत्र लिहिलं : नोंद चुकीची होती, ती माझ्या सांगण्यावरून केली होती, इंजिनिअरने मला आधीच सावध केलं होतं. खाली सही केली. 'पत्र मिळालं', एवढंच उत्तर आलं. माझ्या पत्राची प्रत तिला पाठवली, नव्या नोकरीत कोणी जुन्याबद्दल विचारलं तर हाताशी असावी म्हणून. तिने ती उघडल्याचं दिसलं. उत्तर आलं नाही.

मंडळात तिचे वडील अजून भेटतात. मला पाहिलं की नमस्कार करतात, आणि दुसऱ्या रांगेत जाऊन बसतात.