रुक्मिणीबाई वर गेल्या

मुलुंडला डोंगराच्या अंगाला एका ट्रस्टचं वृद्धांसाठी घर होतं. ते बांधताना कुणीतरी उलटं डोकं चालवलं होतं, म्हणजे खरं तर कुणी डोकंच चालवलं नव्हतं. आधी तळमजला झाला. हिंडतीफिरती माणसं राहायला आली. प्रत्येकाला एक खोली, खोलीत स्टोव्ह, दाराला स्वतःची कडी. चार-पाच वर्षांत कुणाचे गुडघे गेले, कुणाचे डोळे गेले, तेव्हा ट्रस्टने पहिला मजला चढवला. तिथे अंघोळ घालायला, घास भरवायला आया ठेवल्या. पुढे माणसं अंथरुणाला खिळू लागली, तेव्हा त्यावर दुसरा. माणसं म्हातारी होत गेली तसतसे मजले चढत गेले, आणि धडधाकट माणूस तळाला नि जागचा न हलणारा टोकाला, असा प्रकार झाला. लिफ्ट नव्हती. ट्रस्टच्या माहितीपत्रकावर ठळक छापलेलं असे, 'एकदा आलात की पुन्हा कुठे जायला नको.' तेवढं मात्र अक्षरशः खरं होतं.

शेवंती तिथे शहात्तर सालापासून आया होती. मूळची कोरेगावकडची. लग्न होऊन भांडुपला आली, नवरा कारखान्यात होता, तो काविळीने गेला आणि दोन मुली पदरात राहिल्या. विहारात ओळख झालेल्या एका बाईने तिला ट्रस्टचं काम सांगितलं, तेव्हापासून सकाळी सातला ती फाटकात हजर असायची. बांधा दणकट, आवाज मोठा. बहिऱ्या माणसांशी बोलून बोलून तो तसाच होऊन बसला होता. घरीही ती मुलींशी ओरडूनच बोलायची आणि मुली कानांवर हात ठेवायच्या. ट्रस्टमध्ये सगळे तिला मावशी म्हणत, तिच्या दुप्पट वयाचेसुद्धा.

त्या घराची एक बोली होती. तळमजला म्हणजे 'खाली', पहिला 'मधे', दुसरा 'वर'. शाळेतलं पोर वरच्या इयत्तेत गेलं म्हणून सांगावं तितक्या सहज तिथे सांगत, "कारखानीस मधे गेले," "सोनूबाई वर गेल्या." बाहेरच्या माणसाच्या काळजात हे ऐकून धस्स झालं असतं. पण घरातल्यांना सवय झाली होती, शेवंतीला तर सगळ्यांत जास्त. लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधायचे, चौघांनी उचलायचं आणि अडतीस पायऱ्या चढायच्या. वर गेलेलं माणूस आपल्या पायांनी खाली उतरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

रुक्मिणीबाई त्र्याऐंशी साली आल्या. मालवणकडच्या. नवऱ्याने लालबागच्या गिरणीत तीस वर्षं माग चालवला आणि तो गेल्यावर मुलगा जयवंत त्याच गिरणीत लागला. मग संप झाला, गिरणी बसली, आणि जयवंत मस्कतला एका कंपनीच्या लाँड्रीत कामाला गेला. एकुलता एक मुलगा. तीन वर्षांनी रजा मिळते, तेव्हा येतो, असं सांगून त्याने आईला तळमजल्यावरच्या पाच नंबरात ठेवलं. दर शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी ऑफिसात त्याचा फोन यायचा. रुक्मिणीबाई अकरापासूनच बाकावर येऊन बसायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी शेवंतीला आडनाव विचारलं आणि मग पाण्याच्या कळशीला हात लावू दिला नाही. शेवंतीला राग आला. नोकरी होती म्हणून गिळला. वर्षभर ती पाच नंबरात केर काढायची, चादर बदलायची, आणि कळशीला वळसा घालून बाहेर पडायची. तरी रुक्मिणीबाई मनातलं बोलायच्या ते तिच्याशीच, कारण दुसरं कुणी दोन मिनिटं उभं राहत नसे. आणि मनात एकच गोष्ट होती, मुलाची.

"माका वर न्हेतलात मां, तेव्हा आदी माझ्या झिलाक कळव गो," त्या म्हणायच्या. "तो येतलो. जितेपणी एकदा त्येचा तोंड बघूक व्हया, आणि मागसून आग त्येनाच दिऊक व्हयी."

"कळवीन हो आजी. स्वतः कळवीन," शेवंती म्हणायची. शब्द दिला म्हणजे दिला, असं तिचं होतं.

चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात रुक्मिणीबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. या वयात ऑपरेशन नको, फार तर महिनाभर, असं सांगून हॉस्पिटलने परत पाठवलं. बुधवारी सकाळी त्यांना खुर्चीत बसवलं आणि खालून थेट वर नेलं. मधला मजला त्यांच्या नशिबी नव्हताच. सगळा जिना त्या मुलाचं नाव घेत होत्या.

शुक्रवारी फोन वाजला तेव्हा कारकून विद्याधर कुठल्याशा कामाला बाहेर गेला होता. शेवंती धावत आली. फोन उचलायची तिला परवानगी नव्हती, पण शब्द दिलेला होता.

"हॅलो! आई आहे का?" आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता.

"मी शेवंतीमावशी! आजी वर गेल्या!"

"काय?"

"वर! वर गेल्या! परवा सकाळी!"

पलीकडे काहीच ऐकू येईना. लाइन खराब असेल म्हणून तिने आवाज आणखी चढवला. "न्हाणीत पडल्या, त्याचं निमित्त झालं! जाईपर्यंत तुमचंच नाव घेत होत्या!"

"त्रास... त्रास झाला का तिला?"

"नाही, नाही! आम्ही चौघांनी उचललं! कुठे धक्का लागू दिला नाही!"

मग तिला रडणं ऐकू आलं. मोठा बाप्या माणूस ओक्साबोक्शी रडत होता. शेवंतीचे डोळे भरून आले. आईचं एवढं करणारा मुलगा तिने त्या घरात फारसा पाहिलेला नव्हता. "या हो तुम्ही, लवकर या," एवढं ती म्हणते न म्हणते तोच लाइन कटली.

ती तशीच अडतीस पायऱ्या चढून वर गेली. "सांगितलं तुमच्या लेकाला. रडला हो खूप."

"रडलो?" रुक्मिणीबाईंचा चेहरा उजळला. "मगे येतलो तो."

सतराव्या दिवशी पुतण्या आला. दादू त्याचं नाव, पन्नाशीचा. गावाहून रात्रभराचा प्रवास करून आलेला. डोक्यावर नुकते खुंट फुटत होते आणि हातात फडक्याने तोंड बांधलेला तांब्याचा तांब्या होता. विद्याधर पुन्हा जागेवर नव्हता. शेवंतीने विचारलं, कोण हवंय?

"रुक्मिणीकाकी. जयवंतान पाठवल्यान."

"अगंबाई! या या. वरच आहेत." आणि ती पुढे चालू लागली. दादू बिचारा निमूट मागे चालला. अस्थी वरच्या मजल्यावर ठेवत असतील, असं त्याला वाटलं असावं.

वर खाटेवर काकी होती. डोळे उघडे, नजर दाराकडे.

दादू उंबऱ्यातच थबकला. शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं, मग त्या खुंट फुटलेल्या डोक्याकडे, मग तांब्याकडे. त्या फोनवरचं आपलं एकेक वाक्य तिला परत ऐकू आलं.

"दादू मां रे तू?" रुक्मिणीबाईंनी हात पुढे केला. "काय हाडलंस?"

"काय नाय, काकी. रिकामो आसा." त्याने तांब्या पाठीमागे लपवायला पाहिला, मग खाटेखाली ठेवून दिला.

"आणि केस कित्याक काडलंस? कोण गेला?"

दादूने शेवंतीकडे पाहिलं.

"वाडीतली एक म्हातारी," तो म्हणाला.

"लय दिस पडान होती?"

"होय."

"मगे सुटली बापडी. झिलान केल्यान मां सगळा?"

"केल्यान, काकी. सगळा केल्यान."

"मगे बरा झाला," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "नशीब लागता." आणि त्यांनी त्या म्हातारीसाठी उशीवर हात जोडले.

दादू पंधरा मिनिटंही बसला नाही. तांब्या खाटेखालीच राहिला.

विद्याधरने शेवंतीला ऑफिसात उभं करून झाडलं. बाकीच्या आया मात्र पदर तोंडाला लावून हसल्या. मेल्याची खोटी बातमी गेली की आयुष्य वाढतं, आता बघ म्हातारी शंभरी गाठते की नाही. शेवंतीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण डॉक्टरांनी सांगितलेला महिना सरला. दुसरा सरला. संक्रांत झाली, होळी झाली. रुक्मिणीबाई जगत होत्या. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, भरल्या, पुन्हा उघडल्या. अंग इतकं उतरलं की कूस बदलायला दोन आया लागायच्या तिथे एक पुरे झाली. गोष्ट खोटी आहे हे शेवंतीला ठाऊक होतं, तरी जखम धुताना मनात यायचं की हे दिवस आपणच त्यांच्या अंगावर घातले.

बातमी खोटी असल्याचं कळल्यावर जयवंतचा पहिला फोन आला तेव्हा तो हसला, रडला, पुन्हा हसला. लगेच येतो म्हणाला. महिन्याभराने त्याने शेवंतीला फोनवर बोलावून घेतलं.

"मावशी, नाही जमत. मॅनेजर म्हणतो, तुझी आई मेली म्हणून तू तीन दिवस सुट्टी घेतलीस, डोकं भादरलंस, आता ती आजारी कशी पडली? खोटारडा ठरलोय मी इथे. कंपनीत माझी आई मेलेली आहे. आता कुठल्या आईसाठी रजा मागू?"

त्याची ठरलेली रजा शहाऐंशीत होती. तोवर वाट बघायची, दुसरं काय. शुक्रवारचे फोन दोन आठवड्यांनी येऊ लागले, मग महिन्याने. बाईंना खाली आणता येत नव्हतं आणि फोन वर जात नव्हता. शेवंती निरोप घेऊन चढायची.

"इलो काय गो फोन?"

"आला होता. येतो म्हणालेत."

"माका वर हाडलात ता त्येका सांगलंस मां नीट?"

"सांगितलं, आजी," शेवंती म्हणायची, आणि तोंड फिरवून खाटेखालचा तांब्या भरायला घ्यायची. आता पाणी त्याच तांब्यातून पाजत होते. गावचा तांब्या म्हणून रुक्मिणीबाईंना त्यातलं पाणी गोड लागायचं. कुणाच्या हातचं, ते त्या आता विचारत नव्हत्या. खरं सांगून टाकावं असं शेवंतीच्या शंभरदा मनात आलं. पण लेक येईल, ह्या एका गोष्टीवर म्हातारी तगून होती. ती काढून घ्यायची तिची छाती झाली नाही.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात, एका सोमवारी सकाळी, पाण्याचा दुसरा घोट ओठांच्या कडेने बाहेर आला. चौदा महिने झाले होते. ट्रस्टच्या चार माणसांनी उचललं, विद्याधरने आग दिली. नातेवाईक नसले की तोच द्यायचा, सवयीने, घड्याळ बघत. दुसऱ्या दिवशी अस्थी आणायला शेवंती गेली. भांडं कुठलं न्यायचं हा प्रश्नच नव्हता.

तार मस्कतला पोचली होती. शुक्रवारी फोन वाजला, आणि विद्याधरने रिसीव्हर तिच्या हातात दिला. "तुलाच बोलावतायत."

"मावशी," जयवंत म्हणाला, "या वेळी खरंच ना?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिने सोसला असता.

"खरंच. वारल्या. सोमवारी सकाळी." 'वर' हा शब्द तिने वर्षभरात तोंडातून काढला नव्हता.

"त्रास झाला?"

हाच प्रश्न त्याने तेव्हाही विचारला होता. "झाला," ती म्हणाली. "खूप झाला. चौदा महिने झाला."



"मागच्या वेळी मी इतका रडलो, मावशी, खोलीतल्यांनी मला धरून ठेवलं होतं. आता मघापासून बसलोय... काही येतच नाही हो. कंपनीत सांगता येत नाही. उद्या ड्युटी आहे."

"अस्थी आहेत," शेवंती म्हणाली. "तांब्यात ठेवल्यात. दादूभाऊंना पाठवा."

"तो कसा येणार? ती जिवंत आहे, हे गावात त्याने सांगितलंच नाही कुणाला. तेराव्याला जेवून गेलेल्या लोकांना काय सांगणार? दोन महिन्यांपूर्वी वर्षश्राद्धसुद्धा झालं तिचं."

दोन महिन्यांपूर्वी रुक्मिणीबाई वर पेज पीत होत्या आणि फोन इलो काय म्हणून विचारत होत्या. शेवंतीने ते सांगितलं नाही. लाइन कटली, की त्याने ठेवला, तेही तिला कळलं नाही.

"काय म्हणाले?" विद्याधरने रजिस्टरातून डोकं वर न काढता विचारलं. "न्यायला कधी येतायत?"

"त्यांचं सगळं करून झालंय गेल्या वर्षीच," ती म्हणाली. कपाटावरचा तांब्या तिने उतरवला, पदराखाली घेतला, आणि खाडीकडे जाणारी बस कुठून मिळते ते फाटकावर विचारून बाहेर पडली.