घसरगुंडीवरचे माळीबाबा

लेक लहान होती तेव्हा रविवारी आम्ही तिघं स्कूटरवरून मंचरबाहेरच्या छोट्या बागेत डबा घेऊन जायचो. तिथल्या म्हाताऱ्या माळ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. घसरगुंडीचा पत्रा उन्हानं तापायचा, म्हणून तो ओल्या पोत्यानं पुसायचा आणि मग टोपी सावरत, गंभीर चेहऱ्यानं स्वतः घसरून बघायचा.

"पोरं भाजत्याल, पावणं," म्हणायचा.

पायाच्या ऑपरेशननंतर आमची सहा वर्षांची लेक बाकावरून हलत नव्हती. पडेन म्हणायची. एका रविवारी तो तिच्यापुढं उकिडवा बसला.

"बाय, आज मला एकट्याला भ्या वाटतंय. संगं येती का?"

तिनं आईकडं पाहिलं आणि त्याचं बोट धरलं. त्याच्या मांडीवर बसून ती खाली आली ती खिदळतच. बायकोनं पदर डोळ्यांना लावला. गुडघे दुखत असूनही तो तिला घेऊन चार वेळा चढला. पाचव्यांदा ती कठडा धरून एकटीच वर गेली. तो खाली हात पसरून उभा राहिला.

"आजोबा, बाजूला व्हा ना!" ती वरून ओरडली.

तो बाजूला झाला. हात मात्र तसेच पसरलेले होते.