खुणेआधी सुटलेला कागद

आदरणीय हरेश्वरकाका यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. मला समारंभात बोलणे जमत नाही, म्हणून इथे लिहितो.

काकांशी माझी ओळख धाकट्या भावामुळे, सुधीरमुळे झाली. तो सालवडला त्यांच्या गॅरेजमध्ये कामाला होता. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा काका सुधीरच्याच जुन्या मोटरसायकलचे टायमिंग तपासत होते. सिगारेटच्या पाकिटावरचा पातळ पारदर्शक कागद पॉइंटच्या, म्हणजे ठिणगी सोडणाऱ्या दोन टोकांच्या, फटीत धरून ते इंजिन हाताने सावकाश फिरवत होते. पॉइंट उघडले की कागद सुटतो आणि ठिणगी पडते; नेमकी तेव्हाच फिरत्या चाकावरची खूण जुळली पाहिजे. सुधीरच्या गाडीचा कागद खुणेआधीच सुटला.

"घाई तुला हाय का ठिणगीला?" काकांनी विचारले.

"काका, पिकअप बघा ना!"

"पिकअप बघू का पिस्टन? चढावर टणटण वाजते. तू आलास ते आख्ख्या गावाला कलते."

चुकीच्या टायमिंगची गाडी काका दाराबाहेर जाऊ देत नसत. घाईतल्या गिऱ्हाइकालाही बसवून ठेवत. सुधीर मात्र त्यांची पाठ वळली की ठिणगी पुन्हा खुणेआधी आणून ठेवायचा.

गेल्या वर्षी सुधीर काविळीने गेला. त्याची गाडी मी तारापूरला कामावर नेऊ लागलो. माकुणसारला घराजवळच्या चढावर ती तशीच वाजायची. आई हातातले टाकून दारात यायची, मला बघायची आणि आत जायची. रोज. मला ते सोसेना. काकांना सांगून मी टायमिंग बरोबर करून घेतले.

काही दिवसांनी आई माझ्यामागे गाडीवर बसून स्वतः गॅरेजमध्ये आली.

"भाऊ, त्याचा आवाज परत लावा."

"वयनी, इंजिन खराब होईल."

"होऊं दे. मी दारात येते तवर तो आलेला असतो."

काकांनी गाडी आत घेतली. मग त्यांनी पॉइंटची प्लेट सरकवली, खुणेआधी कागद सुटतो हे दोनदा पाहिले आणि स्क्रू आवळला.

पॉइंट झिजले की तो आवाज आपोआप मिटत जातो. तेव्हा काका स्वतः निरोप पाठवतात आणि तीच चूक तितक्याच काळजीने पुन्हा लावून देतात. दुसऱ्या मिस्त्रीला हे काय सांगणार?

काकांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. निदान आई आहे तोवर तरी.